डाग कुठला, पाणी कुठलं?

गुढीपाडवा झाला की बीड जिल्ह्यातल्या गावांना पुन्हा माणसं येतात. दिवाळीच्या आसपास कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या परततात, घरांची कुलपं निघतात आणि लग्नांच्या तारखा धरल्या जातात. याच दिवसांत बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगावच्या दातांच्या दवाखान्यांत एक प्रश्न नेमानं येतो : "डॉक्टर, लग्न पंधरा दिवसांवर आलंय. दात पांढरे होतील का?"

दात पांढरे करण्याच्या उपचारावर लिहिताना सुरुवात सहसा रसायनापासून होते. किती टक्क्यांचं जेल, किती मिनिटं, कुठला दिवा. बीडमध्ये सुरुवात डागापासून करावी लागते. कारण इथे एकाच बाकावर शेजारी शेजारी बसलेल्या तिघांचे दात तीन वेगवेगळ्या कारणांनी पिवळे असू शकतात. एकाला ब्लीचिंगची गरजच नसते, दुसऱ्याला त्याचा खरोखर उपयोग होतो आणि तिसरा त्याच उपचारानं आणखी खट्टू होऊन घरी जातो. या उपचाराचे बरेचसे दुष्परिणाम जेल लावण्याच्या आधीच, निदानात ठरलेले असतात.

बाकावरचे तिघं

पहिल्याचे डाग दाताच्या बाहेर आहेत. चहा, तंबाखू, काताचं पान, गुटखा यांचा रंग दातावर आणि त्यावर साचलेल्या कीटणावर चढतो. मिश्रीचंही तेच. दात काळे करणं हा कधी काळी आपल्याकडे शृंगार होता, त्यासाठी दातवण लावलं जाई. शृंगार गेला, भाजलेल्या तंबाखूची पूड मात्र बोटावर राहिली. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरायला केंद्र सरकारनं १९९२ मध्ये बंदी घातली, महाराष्ट्रानं २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली. पण पहाटे चुलीपुढे बसून मिश्री लावणाऱ्या मावशीला या दोन्ही बंद्यांची खबर नसते.

असे डाग स्केलिंगनं, म्हणजे कीटण खरवडून काढल्यानं आणि नंतरच्या पॉलिशनं निघतात. ब्लीच लागत नाही. पण "स्केलिंगनं दात हलतात" ही समजूत पक्की असल्यामुळे माणसं स्केलिंगला घाबरतात आणि ब्लीचिंगला राजी होतात. खरं म्हणजे दात आधीच सैल झालेले असतात. त्यांना सिमेंटासारखं जखडून धरणारं कीटण निघालं की मोकळ्या फटी आणि दातांचं हलणं लक्षात येतं, आणि आळ स्केलिंगवर येतो.

दुसऱ्याचे दात वयानं पिवळे झालेत. दाताचं बाहेरचं कवच, ज्याला आपण शाळेत दंतवल्क म्हणून शिकलो, ते जवळजवळ ९६ टक्के खनिज आहे. ते थोडं पारदर्शक असतं आणि वर्षानुवर्षं झिजून पातळ होतं. आतलं डेंटिन मुळातच पिवळसर, तेही वयानुसार गडद होतं आणि बाहेर दिसू लागतं. ब्लीचिंग खऱ्या अर्थानं या माणसासाठी आहे.

तिसरा बहुधा सर्वांत तरुण असतो. विशी-बाविशीचा, कसलंही व्यसन नसलेला, दिवसातून दोनदा दात घासणारा. तरीही पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे, त्यांत तपकिरी ठिपके. त्याचा डाग तो घासायला शिकण्याच्या आधीच दातात विणला गेलेला आहे. तो कुठून आला हे समजण्यासाठी दवाखान्यातून उठून गावच्या हापशापाशी जावं लागतं.

खोल गेलेलं पाणी

महाराष्ट्रात ज्या जिल्ह्यांच्या भूजलात काही ठिकाणी मर्यादेपेक्षा जास्त फ्लोराइड सापडलं आहे, त्यांत यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड यांच्यासोबत बीडचंही नाव आहे. सगळ्या जिल्ह्याचं पाणी तसं नाही. एका वस्तीचा हापसा चांगला आणि अर्ध्या कोसावरचा बोअर वाईट, असं होऊ शकतं. म्हणून जिल्ह्याचं नाव ऐकून घाबरायचं नाही आणि शेजारच्या गावाचा अहवाल पाहून निश्चिंतही व्हायचं नाही.

बीड शहराजवळची खजिना विहीर सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली. भुयारी कालव्यांनी ती शेतीला पाणी पोचवत आली. जुने आड आणि बारवा यांचं पाणी वरच्या थरांतलं, दर पावसाळ्यात नवं होणारं. दुष्काळ वाढले तसा माणूस खाली खाली गेला, आणि बोअरची खोली शेकडो फुटांत मोजली जाऊ लागली. खोल खडकाच्या भेगांतलं पाणी दगडाच्या संगतीत फार काळ राहिलेलं असतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी बांधलं जाऊन खाली बसतं. खोलवरच्या अल्कधर्मी पाण्यात कॅल्शियम कमी उरतं, त्यामुळे फ्लोराइड विरघळलेलंच राहतं आणि तांब्यात उतरतं. चव नाही, वास नाही, रंग नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येतं.

या डागाचं कोडं सुटलं ते अमेरिकेत. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी दवाखाना थाटायला आला आणि गावातल्या मुलांचे तपकिरी दात पाहून चक्रावला. कारण सापडायला तीस वर्षं गेली. १९३१ मध्ये एका ॲल्युमिनियम कंपनीतल्या चर्चिल या रसायनतज्ज्ञानं तशाच गावांचं पाणी तपासलं आणि त्यात फ्लोराइड निघालं. आपल्या देशात हा विकार १९३० च्या दशकात आंध्रच्या नेल्लोर भागात नोंदवला गेला.

मॅकेला एक गोष्ट आधीच दिसली होती, आणि ती आपल्याही कामाची आहे. मोठेपणी त्या गावी राहायला आलेल्यांचे दात डागाळत नव्हते. कायमच्या दातांचं दंतवल्क हिरडीच्या आत तयार होत असतं ते जन्मापासून साधारण आठ वर्षांपर्यंत. त्या काळात जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर दंतवल्क नीट घट्ट होत नाही, पृष्ठभागाखाली सच्छिद्र राहतं. दात वर आला की त्या छिद्रांत बाहेरचे रंग मुरतात. बाविशीच्या नवरदेवाच्या दातावर दिसतं ते त्यानं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्यालेलं पाणी.

जेल आत शिरतं

आता रसायनाकडे येऊ. दवाखान्यातलं ब्लीचिंग म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. जखम धुवायला मेडिकलमध्ये मिळतं तेच, पण ते साधारण ३ ते ६ टक्क्यांचं असतं आणि दातांसाठीचं २५ ते ४० टक्क्यांचं. घरी रात्री दातांच्या मापाच्या साच्यात घालून वापरायचं जेल बहुधा १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं असतं. त्यातून जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. ही घरगुती पद्धत हेवूड आणि हेमन या दोन अमेरिकी दंतवैद्यांनी १९८९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात मांडली. दवाखान्यात तासाभरात होणारं काम तिच्यात दोन-तीन आठवडे घेतं.

पेरॉक्साइडचा रेणू इतका लहान आहे की दंतवल्क त्याला अडवू शकत नाही. तो त्यातून आणि डेंटिनमधल्या सूक्ष्म नळ्यांतून आत जातो, रंगीत रेणूंचे तुकडे करतो आणि दात उजळतो. पण तो रंगापाशी थांबत नाही. काढलेल्या दातांवरच्या प्रयोगांत दाताच्या गाभ्यापर्यंत, म्हणजे नसा आणि रक्तवाहिन्या असलेल्या मज्जेपर्यंत तो पंधरा मिनिटांत पोचलेला आढळला. उजळणं आणि दुखणं या एकाच वाटेवरच्या दोन गोष्टी आहेत.

म्हणूनच या उपचाराचा सर्वांत नेहमीचा दुष्परिणाम दात शिवशिवणं हा आहे. कच्ची कैरी खाऊन दात आंबतात त्याहून ही कळ वेगळी. काही न खाता-पिता, मध्येच एखाद्या दातातून वीज चमकून जावी तशी ती येते. अमेरिकी दंतवैद्यकीय संघटनेनं एकत्र केलेल्या अभ्यासांत घरगुती जेल वापरणाऱ्यांपैकी १५ ते ६५ टक्के लोकांना, आणि दवाखान्यात उष्णतेसह उपचार घेणाऱ्यांपैकी ६७ ते ७८ टक्के लोकांना हा त्रास झाल्याचं दिसतं. तो सहसा काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत शमतो. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट आधीपासून वापरली, बैठका लांबवल्या, तर तो कमी होतो.

पण "सहसा" या शब्दाला अटी आहेत. दातात कीड असेल, तडा असेल, जुन्या भरणीची कड उघडी पडली असेल, हिरडी मागे सरून मूळ उघडं झालं असेल, तर पेरॉक्साइडला थेट दरवाजा मिळतो. वरवर झिजलेले दात, कडक ब्रश आणि राखुंडीनं मानेपाशी खाचा पडलेले दात आपल्याकडे पुष्कळ. त्यांवर आधी उपचार न करता जेल लावलं तर दोन दिवसांची कळ नसेच्या दाहात बदलू शकते आणि मग रूट कॅनाल करावं लागतं.

हिरडीवरचा पांढरा डाग आणि निळा दिवा

तीस-पस्तीस टक्क्यांचं पेरॉक्साइड त्वचेला भाजतं. हिरडीला लागलं तर ती जागा मिनिटभरात पांढरीफटक पडते आणि चरचरते. म्हणून चांगला दंतवैद्य जेलआधी हिरडीच्या कडेनं रबरासारखा एक लेप लावून तो दिव्यानं घट्ट करतो, ओठ बाजूला धरतो, डोळ्यांवर चष्मा चढवतो. या तयारीत पंधरा-वीस मिनिटं जातात. तो वेळ वाचवला की हिरडी भाजते. थोडं लागलं तर पाण्यानं धुतल्यावर काही तासांत किंवा दिवसांत रंग परत येतो, खोल भाजलं तर जखम होते. जेल पोटात गेल्यास घसा चुरचुरतो, मळमळ होते.

जाहिरातीत दिसतो तो निळा दिवा मात्र कामापेक्षा देखाव्याचा जास्त. दिव्यानं अंतिम रंगात फारसा फरक पडत नाही, असंच बहुतेक अभ्यास सांगतात. उष्णता मात्र खरी असते. १९६५ मध्ये झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर केलेल्या प्रयोगात मज्जेचं तापमान साडेपाच अंशांनी वाढल्यावर सुमारे १५ टक्के दात सावरले नाहीत. दिवा अतिनील किरणांचा असेल तर ओठ आणि डोळेही धोक्यात येतात.

खुर्चीतून उठताना आरशात दिसणारा रंग हाही थोडा फसवा असतो. तासभर तोंड उघडं राहून दात कोरडे पडतात आणि कोरडा दात जास्त पांढरा दिसतो. लाळ परत लागली की पुढच्या काही दिवसांत रंग थोडा उतरतो. यात कुणी फसवलेलं नसतं. पण हे आधी सांगितलं नसेल तर माणूस आठवड्यात परत येतो आणि "अजून एकदा मारा" म्हणतो. इथून अतिरेक सुरू होतो. पुन्हा पुन्हा ब्लीच केलेल्या दाताचा पृष्ठभाग खरखरीत होतो, कडा निळसर, काचेसारख्या दिसू लागतात. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात. माणसाला ती सोय नाही.

तिसऱ्या माणसाचं काय होतं

आता फ्लोरोसिस असलेल्या त्या तरुणाला हेच जेल लावलं असं समजू. दाताचा मूळ रंग उजळतो, तपकिरी ठिपकेही थोडे फिकटतात. पण खडूसारखे पांढरे पट्टे तसेच राहतात, आणि दात कोरडा पडल्यामुळे पहिले काही दिवस आणखी उठून दिसतात. लग्नाआधी चार दिवस उपचार केला तर फोटोंत नेमके हेच पट्टे येतात. शिवाय त्याचं दंतवल्क मुळातच सच्छिद्र, त्यामुळे दात शिवशिवण्याची शक्यता गृहीत धरूनच चालावं लागतं.

त्याच्यासाठी वेगळ्या वाटा आहेत. डाग उथळ असेल तर सौम्य आम्ल आणि बारीक पूड यांनी पृष्ठभागाचा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका थर घासून काढतात, याला मायक्रोॲब्रेजन म्हणतात. पांढऱ्या पट्ट्यांच्या छिद्रांत पातळ राळ मुरवली की ते भोवतालच्या दातासारखे दिसू लागतात. ही पद्धत गेल्या दीडेक दशकात रुळली. ब्लीचिंग या दोन्हींच्या जोडीला, योग्य क्रमानं वापरतात. डाग फार खोल असेल तर व्हिनिअर किंवा कॅप, पण त्यासाठी दात कायमचा तासावा लागतो. विशीत घेतलेला तो निर्णय साठीपर्यंत निभवायचा असतो.

कॅप, सिमेंट आणि एकटा काळा दात

ब्लीच फक्त दाताला लागू पडतं. कॅप, पुढच्या दातातलं पांढरं सिमेंट, व्हिनिअर यांचा रंग बदलत नाही. दात उजळतो आणि जुनं सिमेंट ठिगळासारखं उघडं पडतं. लगेच नवं भरावं म्हटलं तर तेही नाही, कारण दातात अडकलेला ऑक्सिजन नव्या भरणीला नीट चिकटू देत नाही. साधारण दोन आठवडे थांबावं लागतं. पंधरा दिवसांवर लग्न आलेल्या माणसाचा हिशेब इथेच चुकतो.

सगळे दात ठीक आणि समोरचा एकच काळपट असेल तर ती गोष्टच वेगळी. लहानपणी बैलगाडीवरून, सायकलवरून पडल्याचा मार, आणि आत मेलेली नस. अशा दाताला आधी एक्स-रे आणि रूट कॅनाल, मग आतून ब्लीच. या आतल्या ब्लीचचा एक दुर्मिळ पण गंभीर धोका आहे. काही वर्षांनी दाताचं मूळ मानेपाशी बाहेरून झिजत जातं. १९७९ मध्ये अशा रुग्णांचे पहिले वृत्तान्त प्रसिद्ध झाले. तेव्हा तीव्र पेरॉक्साइड आणि उष्णता एकत्र वापरत. आता सौम्य रसायन वापरतात आणि मुळाच्या तोंडाशी सिमेंटचा बांध घालतात. तरी अशा दाताचा एक्स-रे अधूनमधून काढत राहावा.

गरोदरपणात, बाळ अंगावर पीत असताना आणि अठराच्या आत हा उपचार टाळावा. तंबाखू-सुपारी खाणाऱ्यानं तर रंगाआधी तोंड तपासून घ्यावं. गालाच्या आतला न पुसला जाणारा पांढरा चट्टा, तिखट सहन न होणं, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, ही कर्करोगाच्या वाटेवरची लक्षणं असू शकतात. ती नजरेतून सुटली आणि दात तेवढे चमकले, तर याहून मोठा दुष्परिणाम नाही.

हात कुणाचा?

१९४८ च्या दंतवैद्यक कायद्यापासून आपल्याकडे दातांवरचे उपचार हे नोंदणीकृत दंतवैद्याचं काम आहे. तरीही पार्लरमध्ये फेशियलसोबत दात उजळून देणारे भेटतात, बाजारात बाटलीतल्या पाण्यानं मिनिटात दात पांढरे करून दाखवणारेही भेटतात. ते पाणी आम्लाचं असलं तर ते डाग उतरवत नाही, डागासकट दंतवल्क विरघळवतं. दंतवल्कात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे गेलेलं परत येत नाही. लिंबू-सोडा आणि कोळशाच्या पुडीची गती थोडी मंद, पण दिशा तीच.

युरोपीय संघानं २०१२ पासून ६ टक्क्यांहून तीव्र पेरॉक्साइड दात पांढरे करायला वापरू दिलेलं नाही, आणि ०.१ ते ६ टक्क्यांचं उत्पादनही दंतवैद्याच्या हातूनच सुरू व्हावं असा नियम केला. इंग्लंडच्या उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये दात पांढरे करणं हे दंतवैद्यकाचंच काम असल्याचा निर्वाळा दिला. आपण घरबसल्या मागवलेल्या किटच्या खोक्यावर टक्केवारी छापलेली असतेच असं नाही.

पंधरा दिवसांच्या उत्तरात

तर त्या नवरदेवाला काय सांगायचं? बहुतेकदा एवढंच : आज स्केलिंग आणि पॉलिश करू. कीड असेल ती भरू. ब्लीच करायचंच तर लग्नानंतर, घरच्या साच्यात, कमी टक्क्यांचं, सावकाश. पट्टे फ्लोराइडचे असतील तर त्यांचा उपचार वेगळा, त्यासाठी सवडीनं ये. आणि जाताना एक सांग, लहानपणी पाणी कुठलं प्यायचास?

हा शेवटचा प्रश्न त्याच्या दातांसाठी उशिराचा आहे. पण वर्ष-दोन वर्षांत त्या घरात पाळणा हलेल आणि तोच हापसा तेव्हाही अंगणात असेल. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट वाफ गेल्यानं थोडं दाटच होतं. नागपूरच्या नीरी संस्थेनं तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची पद्धत बसवली, ती तेलंगणातल्या नलगोंड्याच्या नावानं ओळखली जाते. आरओनंही ते जातं. त्याआधी ग्रामपंचायतीमार्फत नमुना भूजल यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवून आकडा तरी हातात घ्यायला हवा.

नवरदेव आरशात पाहून, जीभ दातांवरून फिरवून बाहेर पडतो. पुढच्या खेपेला त्यानं बरोबर एका स्वच्छ बाटलीत हापशाचं पाणी आणलं, तर दात पांढरे करण्याचं अर्धं काम झालं म्हणायचं. तेही एकही दात न शिवशिवता.